खेचरवाल्याचे डोळे

रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, आजोबांच्या कपाटात मधल्या खणात एक जागा रिकामी का आहे?" माझ्या हातातला फोन जरा फिरला होता आणि मागचं काचेचं कपाट तुम्हाला दिसलं होतं. मी उत्तर द्यायच्या आत मोठी म्हणाली, "हरवला असेल एखादा शिपाई." मग तुमची पोहायच्या क्लासची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

हरवलेला नाही. या घरात वस्तू हरवत नाहीत, हवं तर तुमच्या आईला विचारा. त्या जागेवरचा शिपाई कुठे आहे ते मला नीट सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि ऑफिसातली पत्रंही मी जन्मभर इंग्रजीतच लिहिली. पण ही गोष्ट ज्या बोलीत घडली त्या बोलीतच ती मला सांगता येते. अडलं तर आई वाचून दाखवेल.

आजोबांचं कपाट तुम्ही लहान असताना पाहिलंय. वरच्या खणात मावळे, मधल्या खणात आपल्या सैन्यातले आताचे जवान, खाली अर्धवट राहिलेले. एकेकाची उंची माझ्या अंगठ्याएवढी. प्रत्येकाच्या पायाखाली त्याची त्याची जमीन. कुणाला खडक, कुणाला गवत, कुणाला रेती. हे सगळं तुमच्या आईमुळे सुरू झालं. ती दुसरीत असताना आम्ही गिरगावात राहायचो. दिवाळीत तिने गॅलरीत मातीचा किल्ला केला आणि बाजारातून मावळे आणले. त्यातल्या एका मावळ्याचा डोळा गालावर रंगवलेला होता. ती रडायला लागली. आजोबा तेव्हा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांची चित्रं काढायचे. त्यांनी आपली ड्रॉइंगची पेनं काढली आणि एका बैठकीत सगळ्या मावळ्यांचे डोळे जागच्या जागी आणले. दिवाळी संपली, किल्ला मोडला, यांचं काम काही थांबलं नाही. पुढे त्यांनी परदेशी मासिकं मिळवली, बारीक ब्रश मिळवले, हवा तो आकार देता येणारी, वाळून घट्ट होणारी पुटी मिळवली. आम्ही भाईंदरला, इंद्रलोक भागात, राहायला आलो तेव्हा टेम्पोत पुढच्या सीटवर मी नव्हते. शिपायांचं खोकं मांडीवर घेऊन ते बसले होते. मी मागे गाद्यांवर.

ते नेहमी म्हणायचे, "कपडे कुणीही रंगवेल. डोळे बसले की माणूस उभा राहतो. तोपर्यंत नुसता रंगवलेला गोळा."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कपबशी सोडली. चहा मगमध्ये द्यायला सांगितला. मी विचारलं, का, तर म्हणाले, "मग बरा. आजकाल सगळे मगच घेतात." मी मग दिला. पण बशीवर कप वाजायला लागला होता, तो मी त्याच्याही आधी ऐकला होता. उजवा हात कापत होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, वयाचं आहे, गोळीने थोडा फरक पडेल, पण बारीक काम सोडा. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "बारीक काम म्हणजे नक्की किती बारीक, ते सांगितलं नाही त्यांनी." मग पुष्कळ दिवस ते टेबलाशी बसले नाहीत. ब्रश धुवायच्या पेल्यातलं पाणी आटून गेलं. मी पेला घासून ठेवला.

आपल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक वहिनी राहतात. तुम्ही त्यांच्याकडे तांदळाची भाकरी खाल्ली होती, आठवत असेल. आपली बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या सासरची जमीन. खाडीच्या बाजूला त्यांची मिठागरं होती. घरातले बाकीचे मीठ काढायचे, पण वहिनींचे यजमान तरुणपणीच सैन्यात गेले. उंच डोंगरातल्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून सामान पोचवणाऱ्या तुकडीत होते. नोकरी पुरी करून घरी आले, पुढे कितीतरी वर्षं बिल्डिंगच्या कमिटीत भांडले, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी आजारपणात गेले.

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी वहिनी एक फोटो घेऊन वर आल्या. "भावजी, आमच्या त्यांचा एक करून द्याल काय? छोटा. टीव्हीच्या बाजूला ठेवंन."

फोटोत सगळीकडे बर्फ. तीन माणसं आणि एक खेचर. तिघांच्या डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर मोठे काळे गॉगल, ओळखू येणार नाहीत असे.

"यातले कुठले?" आजोबांनी विचारलं.

"ह्ये. मफलर बघा ना. मी विनलेला हाय. वांगी रंगाचा. साहेब वरडायचे, पन ह्ये घालायचेच." त्यांनी ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं. त्यात त्या मफलरची उरलेली लोकर होती, सुपारीएवढी गुंडाळी. "रंग ह्येच्यावरून घ्या."

आजोबा फोटो बघत राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. म्हणाले, "बंदूक कोणती होती त्यांच्याकडे?"

"बंदूक नको. खेचर करा."

"खेचर मी कधी केलं नाही, वहिनी."

"मग आता करा. घरी सुट्टीवर आले की माझ्यापेक्षा त्या खेचराच्याच गोष्टी जास्ती सांगायचे. तवा मी लई जळायची. आता बसू दे दोघांना एकत्र."

आजोबा हसले. पुष्कळ दिवसांनी. मग म्हणाले, "ठीक. फोटोत आहे तसा करू. गॉगल लावलेला." ते हे किती सहज म्हणाले. त्यांना कशातून सुटका करून घ्यायची होती ते मला कळलं. गॉगल म्हणजे दोन काळे ठिपके. तेवढं कापऱ्या हातानेही जमलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "गॉगल नको. गॉगल तर फोटोत हायच. डोळं बघायचं म्हनून तर तुमच्याकडं आले. तुमच्या मानसांचं डोळं बघतात, मी पाहिलंय."

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्या खाली गेल्यावर मी म्हटलं, "सांगायचं होतं तिला."

"काय?"

"हाताचं."

"हाताला काय झालंय?" असं म्हणून त्यांनी चहाचा मग उचलला, दोन्ही हातांनी.

काम सुरू झालं. तीच गोष्ट मला मोठी वाटत होती. जवानाचं शरीर त्यांनी जुन्या सुट्या भागांतून जोडलं, वरचा जाड कोट पुटीने चढवला. खेचरासाठी एक घोडा घेतला. पुटीचं काम बोटांनी आणि दाभणाने होतं, त्यात थोडा कंप खपतो. वहिनी दर दोन-तीन दिवसांनी वर यायच्या.

"ह्यो घोडाच हाय," पहिल्यांदा बघून म्हणाल्या.

"कान लांब केलेत की."

"आजून. खेचराचे कान म्हंजे..." त्यांनी स्वतःची करंगळी दाखवली, मग त्या छोट्या घोड्याचं माप मनात धरून तिचं नुसतं नख दाखवलं. "आनि शेपटीला वर केस नसतात. ते सांगायचे, खेचर आधी कानानं बोलतं, मंग लाथेनं."

कान तीन वेळा बदलले. चौथ्यांदा त्या काही न बोलता खुर्चीत बसल्या, तेव्हा आम्हाला कळलं की खेचर झालं.

नवा शून्य नंबरचा ब्रश आणायला आम्ही दोघं स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. यांना त्याहूनही बारीक हवा होता. दुकानदार म्हणाला, "अंकल, इससे पतला तो मच्छर की मूँछ होती है." हे म्हणाले, "वो भी दिखाओ." घरी परत येईपर्यंत ते चांगल्या मूडमध्ये होते.

मफलर उत्तम झाला. लोकरीची गुंडाळी शेजारी ठेवून त्यांनी रंग जुळवला, सगळा कोट, टोपी, बूट रंगवले. जिथे हात घसरला तिथे पुन्हा रंगवलं. कपड्यांना ते चालतं. गॉगल टोपीवर सरकवलेला दाखवला. उरले डोळे.

आमच्या खिडकीत दुपारी चारला सरळ उजेड येतो. रोज चारला ते बसायचे. चष्म्यावर भिंग, हनुवटी खाली, मनगट टेबलाला टेकलेलं. पहिल्या दिवशी डोळा भुवईत गेला. त्यांनी पुसला. दुसऱ्या दिवशी दोन डोळे दोन दिशांना. तेव्हा ते हसले, म्हणाले, "एक खेचराकडे बघतोय, एक बायकोकडे." पुसले. पुसताना गालाचाही रंग निघाला, तो परत लावला. पाचव्या दिवशी त्यांनी ब्रश धुतला, वाळवला, डबीत ठेवला. शिपायावर एक स्टीलची वाटी उपडी घातली, धूळ बसू नये म्हणून. म्हणाले, "वहिनींना सांग, गॉगलच ठेवतोय."

"तुम्ही सांगा."

ते गेले नाहीत. वहिनी वर आल्या तर हे आत जाऊन झोपायचे. झोप लागलेली नसायची. मी वहिनींना सांगायचे, रंग वाळतोय. माझ्या आयुष्यात मी एकच खोटं इतक्या वेळा कधी सांगितलं नव्हतं. रोज फर्निचर पुसताना मी ती वाटी उचलायचे. बिनडोळ्यांचा तो चेहरा, त्याच्या गळ्यात तो मफलर. मला वाटायचं, असंच राहिलं तर हा शेवटचा. आजोबा पुन्हा टेबलाशी बसणार नाहीत आणि ते का, हे आम्ही दोघंही बोलणार नाही.

आठवडा गेला. एका दुपारी मी उशीच्या अभ्र्याचं बटण लावायला बसले. सुईत दोरा मला कधीचा ओवता येत नाही, तो नेहमी आजोबाच ओवून द्यायचे. मी सवयीने सुई आणि दोरा पुढे केला आणि मग लक्षात आलं. हात मागे घेणार, तेवढ्यात त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. त्यांचा डावा हात अजून स्थिर आहे, डाव्याने त्यांना काही करायची सवय नाही एवढंच. म्हणाले, "तू दोरा धर. नुसता धर, हलवू नकोस." मी दोरा चिमटीत धरला. त्यांनी डाव्या हाताने सुई दोऱ्याकडे आणली. सुईचं भोक दोऱ्यावर चढवलं, टोपी चढवावी तसं. एका झटक्यात.

आम्ही दोघांनीही वाटीकडे पाहिलं. तेव्हा तीन वाजले होते.

"चार वाजू दे," ते म्हणाले.

चारला त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझ्यापुढे दुसरी एक वाटी उपडी ठेवली आणि तिच्यावर माझं मनगट. ब्रशवर रंग त्यांनी घेतला, ब्रश माझ्या हातात दिला, टोक बाहेर राहील असा. माझं काम एवढंच, की तो ब्रश खिळ्यासारखा जागच्या जागी धरायचा. शिपाई एका बुचावर टोचलेला होता, ते बूच त्यांनी डाव्या हातात धरलं आणि शिपायाचा चेहरा ब्रशकडे आणायला लागले.

"श्वास घेऊ नकोस."

"मग मरू का?"

"दोन सेकंद घेऊ नकोस. मग घे."

मी श्वास रोखला. मला काही दिसत नव्हतं, त्यांचं भिंग आणि त्यांचं कपाळ दिसत होतं. इतक्या जवळून मी ते पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. ब्रशच्या टोकाला काहीतरी लागल्यासारखं झालं, इतकं हलकं की लागलं की नाही सांगता येणार नाही.

"आता उजवीकडे."

मी ब्रश उजवीकडे नेला.

"तू नाही. तू हलूच नकोस. मी माझ्याशी बोलतोय."

"मग मनात बोला."

आधी पांढरं, मग त्यावर बुबुळ. डोळ्यांचा रंग वहिनींनी सांगितला होता, "घारे न्हाय, काळे पन न्हाय, कोऱ्या चहासारखे." सगळ्याला पाऊण तास लागला. माझं मनगट बधिर झालं. त्यांनी बूच खिडकीकडे धरलं, भिंगातून पाहिलं, भिंग काढून पाहिलं, आणि मग माझ्यापुढे धरलं. अंगठ्याएवढा एक माणूस माझ्याकडे बघत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा कपबशीतून मागितला. बशी वाजली. वाजू दे म्हणाले.

त्या आनंदातच त्यांच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी ते फिरायला म्हणून खाडीकडे गेले आणि पिशवीभर माती घेऊन आले. वहिनींच्या सासरचं मिठागर जिथे होतं तिथली. म्हणाले, "पायाखाली त्यांची स्वतःची जमीन असू दे. वहिनींना मागाहून सांगू." मला ते फार आवडलं. माती त्यांनी माझ्या जुन्या कढईत भाजली, किडे राहू नयेत म्हणून. दोन दिवस घराला खाडीचा वास येत होता. लाकडी पाटीवर त्यांनी डोंगरातली चिखलाची वाट केली, बारीक दगड लावले, कडेला खायचा सोडा आणि गोंद मिसळून थोडा बर्फ. माणूस आणि खेचर वाटेवर पक्के बसवले आणि सगळं वाळायला कपाटाच्या मधल्या खणात ठेवलं.

सहा-सात दिवसांनी मी कपाट पुसायला गेले तर खेचराच्या खुरांभोवती पांढरं काहीतरी आलेलं. मला वाटलं बुरशी. मी ओल्या फडक्याच्या टोकाने पुसलं. दुसऱ्या दिवशी जास्त. परत पुसलं. तिसऱ्या दिवशी बुटांवर, सगळ्या वाटेवर, कापसाच्या धाग्यांसारखं. तेव्हा आजोबांना सांगितलं.

त्यांनी सगळं टेबलावर आणलं, भिंग लावून पाहिलं आणि खाली बसले. "बुरशी नाही. मीठ आहे. माती धुवायला हवी होती. इतकी साधी गोष्ट." थोड्या वेळाने म्हणाले, "हे सगळं फोडावं लागेल. पाय आत रोवलेत. सुटले तर सुटले."

मी म्हटलं, "उद्या बघू." आणि नेमकं तेव्हाच वहिनी डबा परत द्यायला आल्या. लपवायला वेळ मिळाला नाही. सगळं टेबलावर होतं आणि मी फडकं हातात धरून उभी.

त्या टेबलाशी गेल्या. वाकल्या. बराच वेळ चेहऱ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "डोळं जरा मोठं झालं."

आजोबांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"येवढे उघडे कवाच नसायचे. दुपारी तर न्हायच न्हाय." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पन त्यांचेच हायत."

मग त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांनी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

"चूक झाली, वहिनी," आजोबा म्हणाले. "माती तुमच्या मिठागरावरची आणली. धुतली नाही. उद्या काढून नवी करतो."

"आमच्या मिठागरावरची?"

"हो."

"आवो, मग ती मीठ सोडनारच. आमच्या जुन्या घराच्या भिंतीपन सोडायच्या. आनि ताई, तुमी वलं फडकं लावता? जेवढं पानी लावाल तेवढं वर येईल." मी फडकं पाठीमागे नेलं. त्या खुर्चीत बसल्या, पुन्हा त्या पांढऱ्याकडे बघत. "ते पत्रात लिवायचे, हितं सगळं आपल्या मिठागरासारखं हाय, पांढरंच पांढरं, फक्त घाम येत न्हाय. सासूबाई मला पत्र वाचायला लावायच्या, परत परत, येवढंच वाक्य." मग आजोबांना म्हणाल्या, "ह्येला हात लावायचा न्हाय, भावजी. कुनीच."

त्याच दिवशी त्या ते दोन्ही हातांत धरून जिन्याने खाली घेऊन गेल्या. लिफ्ट हलते म्हणून लिफ्टने गेल्या नाहीत. आजोबा पुढे, दार धरायला.

तर ती रिकामी जागा ही. तिथे तो वाळायला म्हणून आठ-नऊ दिवस उभा होता, तेवढ्याने ती त्याची झाली. आजोबा तिथे दुसरं काही ठेवू देत नाहीत. मी शनिवारी पुसते, कोरड्या फडक्याने.

पावसाळ्यात एकदा वहिनींनी इंटरकॉमवर सांगितलं, "भावजी, बर्फ वितळला." हवेतल्या ओलीने मीठ विरघळून मातीत गेलं होतं, वाट नुसती काळी चिखलाची दिसत होती. आजोबा काळजीत पडले, भिंग घेऊन खाली जाऊन आले. दसरा झाला, हवा कोरडी पडली, आणि एका सकाळी पुन्हा फोन, "पडला हो." आता हे दर वर्षी होईल असं दिसतंय. तुम्ही हिवाळ्यात आलात तर पहिल्या मजल्यावर जाऊन बघा. फक्त बघा.

सध्या टेबलावर दुसरं खेचर आहे. वहिनी म्हणतात, ती जनावरं एकटी चालत नाहीत, पुढच्याच्या शेपटीमागे मागचं चालतं. कान पहिल्याच वेळी बरोबर झाले. खेचराचा डोळा माणसापेक्षा मोठा असतो, तेव्हा आज पाऊण तास लागणार नाही. चारला पाच मिनिटं आहेत. आजोबांनी माझ्या मनगटासाठी वाटी उपडी घालून ठेवली आहे.